गोलच्या मागे

"हे बरं दिसतंय, की हे?" असं विचारत चष्मेवाल्याने भिंग फिरवलं आणि नेमका तेव्हाच त्याच्या खिशातला फोन गुरगुरला. समोर खुर्चीत एक लठ्ठ गृहस्थ नाकावर तपासणीची जड चौकट तोलत, श्वास रोखून भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत होते. डोळे तपासताना माणसं श्वास का रोखतात, हे त्याला इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं. एरवी तो तपासणी अर्धी टाकून फोन घेणाऱ्यांतला नव्हे. पण पडद्यावर 'कोच' दिसलं आणि "एक मिनिट हं," म्हणून तो काचा घासायच्या यंत्राच्या खोलीत शिरला. "भिंगरीचे बाबा ना?" पलीकडून आवाज आला. मैदानावर आईबापांना स्वतःचं नाव नसतं, ती मुलांच्या नावाने ओळखली जातात, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. "ऐका, तिला पहिल्या टीममध्ये घेतेय. पण गोलकीपर म्हणून. गोलमध्ये राहायचं नसेल तर दुसऱ्या टीममध्ये मधल्या फळीत जागा आहे. तीही चांगलीच जागा आहे, कमी समजू नका. घरी बोला, तिच्याशी बोला, आणि उद्या दुपारपर्यंत सांगा. तुमचं उत्तर आल्याशिवाय मला पुढच्या घरी फोन लावता येत नाही. एकाचं अडलं की मागच्या सगळ्यांचं अडतं." कोचबाई पोटापाण्यासाठी लोकांना गाडी चालवायला शिकवायच्या, त्यामुळे त्यांचं बोलणंही तसंच असायचं, समोर सिग्नल दिसत असल्यासारखं. त्याने काहीतरी हो-हो केलं, आभार मानले आणि फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ तो कानालाच धरून ठेवला. बाहेर आला तर गृहस्थ म्हणाले, "मगाचचंच बरं होतं." "मगाचचं म्हणजे कुठलं?" "तुम्ही आत गेलात ना, त्याच्या आधीचं." एरवी तो हसला असता. आज त्याने मुकाट्याने भिंग बदललं, आणि बदलल्यावर लक्षात आलं की उजव्याचं डाव्याला घातलंय.

पहिली टीम. त्याने ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं, मग पुन्हा म्हणून पाहिलं, आणि आनंदाने त्याचे कान गरम झाले. त्या लठ्ठ गृहस्थांना ते सांगावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ, चपलेत खडा यावा तसा, तो 'पण' आला. गोलकीपर म्हणून. भिंगरी आणि गोलकीपर? ही पोर चालायला उशिरा शिकली, इतकी उशिरा की शेजारपाजारचे काळजीच्या सुरात विचारायला लागले होते. आणि एकदा पाय फुटल्यावर मग ती थांबलीच नाही. "हिच्या पायाला भिंगरी लावून पाठवलंय," असं तिची आई घामाघूम होऊन म्हणाली होती, आणि तेव्हापासून खरं नाव फक्त शाळेत उरलं. जेवताना ती खुर्चीवर एक पाय खाली सोडून बसायची, म्हणजे उठायला बरं. दात घासताना घरभर फिरायची आणि फेसाचे ठिपके पार दारापर्यंत सापडायचे. अशा मुलीला दोन खांबांच्या मध्ये उभं करायचं म्हणजे खारीला डब्यात ठेवण्यासारखं. दुकानातून घरी चालत येताना त्याला हे सगळं आठवत होतं आणि बरोबरीने तिची दयाही येत होती. दया आली की मग तो स्वतःवर जरा खूश व्हायचा, हाही त्याचा एक स्वभाव होता. पहिल्या टीमचा मान एका बाजूला, पोरीचं सुख दुसऱ्या बाजूला. आणि आपण बाप म्हणून मान सोडून सुख निवडतोय, असं चित्र त्याने रस्त्याच्या वळणापर्यंत रंगवूनही ठेवलं. वळणावर बेकरी होती. बेकरीवाल्याची मुलगीही त्याच निवडीत होती. बेकरीवाला काचेआडून त्याच्याकडे बघत होता, भुवया वर करून, म्हणजे फोन आला का? चष्मेवाल्याने मान हलवली, पण ती अशी की हो की नाही ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, आणि पाय उचलून तो पुढे झाला.

निवड म्हणजे काय असतं हे त्याला या वर्षीच समजलं. त्याच्या कल्पनेत एक टेबल होतं, टेबलामागे गंभीर माणसं होती, आणि मुलं एकेक करून पुढे येऊन चेंडूची करामत दाखवत होती. प्रत्यक्षात तसं काही नव्हतं. सगळ्या मुलींच्या अंगात जाळीची बनियनं चढवली, पाठीवर मोठाले आकडे, आणि त्यांना तीन मैदानांवर वाटून खेळायलाच लावलं. सुरुवातीला कोचबाईंनी आईबापांना कुंपणाच्या बाहेर उभं करून सांगितलं होतं, "कोण किती गोल करतं ते आम्ही बघत नाही. चेंडू नसताना मुलगी काय करते ते बघतो. चूक झाल्यावर काय करते ते बघतो. टीम या वर्षापुरती आहे, कपाळावरचा शिक्का नाही. आणि कुणीही आतून-बाहेरून ओरडायचं नाही. गाडीत शेजारी बसून ब्रेक मारणारी माणसं मी रोज बघते, इथे नकोत." सगळे हसले. सगळ्यांना वाटलं, बाई दुसऱ्यांबद्दल बोलतायत. मग खेळ चालू असताना मधेच एखादा मदतनीस एखाद्या मुलीच्या खांद्याला हात लावायचा आणि तिला पलीकडच्या मैदानावर पाठवायचा, तिकडची एक इकडे आणायचा. कुणी काही बोलत नव्हतं, पण थोड्याच वेळात कुंपणाबाहेर सगळ्यांना उमगलं की झाडाजवळचं मैदान ते वरचं, पाण्याच्या टाकीजवळचं ते खालचं, आणि मधलं ते मधलं. त्यानंतर तिथे अशी शांतता पसरली की काय सांगावं. मुली खिदळत इकडून तिकडे पळत होत्या, त्यांना वाटत होतं नुसतं माणसं कमी पडतायत म्हणून हलवतायत. आणि बाहेर मोठी माणसं डॉक्टरांच्या दारात बसल्यासारखी. बेकरीवाल्याने कुंपणाच्या तारेत दोन्ही हातांची बोटं अडकवली होती आणि त्याची मुलगी टाकीकडे निघाली तेव्हा त्याने ती सोडवून घेतली, हळूच, एकेक. चष्मेवाल्याला तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला होता. पण त्याच वेळी भिंगरी झाडाकडे निघाली होती, आणि त्याचे दोन्ही हात आपोआप वर गेले होते.

झाडाजवळच्या मैदानावर गोलमध्ये कुणी नव्हतं. "कोण उभं राहतंय?" कोचबाईंनी विचारलं तशा सगळ्या मुली आपापल्या बुटांच्या नाड्या बघायला लागल्या. मग भिंगरीने हात वर केला. त्याला तेव्हाच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं, की ही आपल्या भिडस्तपणामुळे गेली. घरात पाहुणे आले की स्वतःची खोली आधी तीच देणार, शाळेत फळा पुसायला कुणी नसेल तर हीच पुसणार. आवाज म्हणाल तर इतका हळू, की वर्गातल्या बाई पुन्हा विचारायच्या आणि मग शेजारची मुलगी मोठ्याने उत्तर सांगायची. कुणाला नाही म्हणणं तिला येतच नव्हतं. योगायोग असा, की कुंपण तिथे गोलच्या अगदी मागून जात होतं, हात लांब केला तर जाळ्याला लागेल इतकं जवळून. तो तिथे जाऊन उभा राहिला. कुठेतरी उभं राहायचंच होतं. ओरडायचं नाही हा नियम त्याने मोडला नाही, ओरडणं हा त्याच्या घराण्याचाच स्वभाव नव्हता. तो फक्त हळू आवाजात सांगत होता. जरा पुढे हो. गुडघे वाकव. डावीकडे बघ, डावीकडे. आता मागे. ती लांबटांगी आली बघ. शाब्बास, काही नाही, जाऊ दे, पुढचा घे. दोन गोल झाले. दुसऱ्या वेळी तर चेंडू तिच्या पायाजवळून इतका हळू गेला की तो स्वतः वाकून उचलू शकला असता. नंतर बाजू बदलल्या आणि ती पलीकडच्या टोकाला गेली. तिकडे कुंपण नव्हतं, नुसती उतरती गवताची जमीन होती, तिथे जायला पालकांना वाट नव्हती. इतक्या लांबून त्याला काही दिसेना. सगळ्या गावाचे डोळे तपासणारा तो, स्वतः डोळे बारीक करकरून बघत राहिला. मुलींचा घोळका तिच्या अंगावर जायचा आणि तसाच परत यायचा, एवढंच दिसलं. त्याला वाटलं, लांब गेली, एकटी पडली बिचारी.

मागे कुणीतरी उभं असणं म्हणजे काय, हे चष्मेवाल्याला जेवढं माहीत होतं तेवढं क्वचितच कुणाला असेल, कारण त्याच्या मागे कुणी उभं नव्हतं. त्याचे वडील छापखान्यात रात्रपाळीला होते. दिवसा ते झोपायचे, आणि घर त्यांच्या झोपेभोवती चवड्यांवर चालायचं. आई भांडं ठेवताना आधी खाली फडकं अंथरायची. तो आणि त्याची थोरली बहीण खुणांनी भांडायची, चिमटे काढायची, आणि रडू आलं तर गच्चीवर जाऊन रडून यायची. वडील वाईट नव्हते, मुळीच नव्हते. संध्याकाळी उठले की शाई कधीच पूर्ण न जाणाऱ्या बोटांनी त्याच्या केसांतून हात फिरवायचे आणि विचारायचे, "काय म्हणतायत आमचे राजे?" आणि उत्तर ऐकायच्या आत डबा घेऊन बाहेर पडायचे. शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत तो एकदा पहिला आला होता. दोरी छातीला लागली तेव्हा त्याने सवयीने गर्दीकडे पाहिलं, तिथे सगळ्यांचे बाप होते, आणि कुणाचाच बाप त्याच्याकडे बघत नव्हता. घरी आला तेव्हा वडील झोपलेले. ते पदक त्याने त्यांच्या उशाशी ठेवलं, आणि उठल्यावर त्यांनी ते बघितलंही, "अरे वा" म्हणाले, पण त्या 'अरे वा'ला उशीर झाला होता. वडिलांवर त्याचा राग नव्हता. उलट कुठे शाईचा वास आला की अजून तो थांबून तो छातीभर ओढून घ्यायचा. एवढंच, की भिंगरी झाली त्या दिवशी, त्या लालभडक मुठीत आपलं बोट अडकवून घेताना, त्याने मनाशी ठरवलं होतं की हिने मान वळवली की आपण दिसलो पाहिजे. आणि तो दिसत आला होता. पोहण्याच्या तलावाशी तो पायऱ्यांवर टॉवेल घेऊन उभा. शाळेच्या नाटकात ती झाडाचं काम करत होती तेव्हा पहिल्या रांगेत बसून तो तिच्या बरोबर ओठ हलवत होता, झाडाला वाक्य एकच असूनही. दुकान बंद करून, गिऱ्हाइकांना उद्याची वेळ देऊन, धापा टाकत का होईना, पण हजर. यात कुणाला काही जास्त वाटेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

घरी बायको नुकतीच आली होती आणि पाय टेबलावर टाकून बसली होती. ती तपासणीच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. दिवसभर "मूठ आवळा, आता सोडा" म्हणून म्हणून तिला घरी कुणाला काही सांगायचा कंटाळा यायचा, आणि म्हणून ती जे थोडं सांगायची ते बहुधा ऐकण्यासारखं असायचं. त्याने फोनची हकीकत सांगितली. पहिली टीम म्हटल्यावर तिचेही डोळे चमकले, मग तो गोलकीपरवर आला, मग आपल्या त्यागावर. "मला वाटतं दुसरीच टीम घ्यावी," तो म्हणाला. "पळू दे तिला. मान काय, पुढच्या वर्षी मिळेल. एका जागी उभं राहून सुकून जाईल पोर." बायकोने त्याच्याकडे थोडा वेळ नुसतं बघितलं. सुई टोचायच्या आधी शीर शोधताना ती असंच बघत असणार. "तिला विचारलंस?" "ती काय सांगणार? तिला नाही म्हणता येत नाही, तुला माहितीये." "मला काय माहितीये ते राहू दे. कोचबाईंनी तिच्याशी बोला म्हटलं ना? मग बोल की." "तू बोल ना. तुला बरं सांगते ती." "मी नाही बोलणार," बायको म्हणाली आणि पाय खाली घेऊन उठली. "तुम्हा दोघांचं आहे ते. आणि विचारताना विचार हं. सुचवू नकोस." विचारणं आणि सुचवणं यात फरक काय, हे त्याला विचारायचं होतं, पण ती तोवर आत गेली होती.

भिंगरी जेवणाच्या टेबलापाशी उभ्याउभ्या गणितं करत होती, एका पायावर, दुसऱ्या पायाचा तळवा पोटरीला घासत. खेळायचा चष्मा तिच्या शेजारी पडला होता, रुंद पट्टा लावलेला. तो त्याने स्वतः बनवला होता, काचा न फुटणाऱ्या, कडा गोल घासलेल्या, कारण दुकानात येणारे तयार चष्मे त्याला पसंत नव्हते. तो समोर बसला आणि घसा साफ केला. फोनची बातमी ऐकून ती आधी खूप हसली, सगळे दात दाखवून, आणि मग ते हसू अर्धवट मिटलं. "मग?" तो म्हणाला. "पहिल्या टीममध्ये गोल, की दुसऱ्या टीममध्ये मधे?" तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तुला कुठलं आवडेल?" "माझं सोड. तू सांग." "दुसऱ्या टीममध्ये मधे," ती म्हणाली. झालं, त्याला वाटलं, आपलं बरोबर होतं. तो उठणार होता. पण त्याच्या आत दिवसभर चालणारं जे यंत्र होतं ते घरी आल्यावरही लगेच थांबत नसे. लहान मुलांचे डोळे तपासताना तो एक गंमत करायचा. भिंग काढल्यासारखं करायचा आणि तेच पुन्हा घालायचा, किंवा क्रम उलटा करायचा. जे पोर खरंच बघत असेल ते गोंधळून म्हणायचं, सारखंच आहे की. आणि जे त्याला खूश करायला बघत असेल ते दर वेळी शेवटचं ते बरं म्हणायचं. अशा पोरांना तो गोळी द्यायचा, जरा वेळ बाहेर बसवायचा आणि मग नव्याने सुरुवात करायचा. आता तो थोडा थांबला, तिच्या वहीतलं एक गणित वाचल्यासारखं केलं आणि सहज म्हणाला, "म्हणजे दुसऱ्या टीममध्ये मधे, की पहिल्या टीममध्ये गोल?" "पहिल्या टीममध्ये गोल," भिंगरी म्हणाली, पेन्सिल न थांबवता.

 परक्या मुलांचं हे असं झालं की त्याला त्यांची मौज वाटायची. आपलीच पोर आपल्याला खूश करायला बघतेय, आपल्या तोंडाकडे बघून उत्तर वाचतेय, हे त्याला सोसेना. कधीपासून? पोहायला जाते म्हणाली तेव्हाही असंच होतं का? झाड व्हायला आवडेल म्हणाली तेव्हा? फुटबॉल तरी तिला हवा होता, की आपण पहिल्यांदा मैदान दाखवताना असं काही बोललो होतो की तिला तेच शेवटचं भिंग वाटलं? घरात सकाळी उठल्यापासून तो तिला हजार गोष्टी विचारायचा, हे हवं की ते, आणि तिने दिलेली सगळी उत्तरं आता त्याला एका ओळीत उभी दिसायला लागली, सगळी शेवटच्या शब्दाची. तो घाबरला. खरंच घाबरला. पुढचा प्रश्न विचारायचं त्याने टाळलं, कारण आता काहीही विचारलं तरी त्यात आपणच असणार हे त्याला कळून चुकलं होतं. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने तिचा खेळायचा चष्मा हातात घेतला. उजवी काडी जरा बाहेर फाकली होती, निवडीच्या दिवशी कुठेतरी आपटला असणार. "हा कानामागे टोचतो का गं?" "थोडासा." त्याने केटलीत पाणी तापवलं, वाफेवर काडी धरली, हलक्या हाताने आत वळवली, आणि माप घ्यायला म्हणून तिच्या नाकावरचा रोजचाही चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिचे डोळे चष्म्याशिवाय नेहमीसारखे मोठे आणि निराधार झाले. तो तिच्या कानामागे बोट फिरवत होता. कानाची ती पाठ त्याला तान्ही असल्यापासून पाठ होती. चष्मा नसला की तिला हाताच्या अंतरावरचा चेहराही दिसत नसे, नुसता उजळ डाग. नंबर त्यानेच काढला होता, त्यालाच माहीत.

"बाबा," भिंगरी त्या डागाकडे बघत म्हणाली, "मला गोलमध्ये आवडतं." तो काडी वळवत राहिला. "मग आधी मधे म्हणालीस ते?" "तेपण खरं होतं. मधे खेळलं की तू लांब असतोस." केटली अजून उकळत होती. त्याने ती बंद केली. भिंगरी बोलत राहिली, हळूहळू, गणिताच्या पायऱ्या मांडाव्यात तशी. "तू मागे असलास ना, की मला दोन बॉल होतात. एक खरा येतो तो, आणि एक तू सांगतोस तो. तू बरोबर सांगतोस, चुकीचं नाही सांगत. पण मग मी ऐकतच बसते, आणि बघायचं राहून जातं." "आणि तिकडे? पलीकडे गेलीस तेव्हा?" "तिकडे मागे नुसतं गवत होतं," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर असं हसू आलं जे त्याने याआधी पाहिलेलं नव्हतं, कारण ते कुणासाठीच नव्हतं. "तिकडे सगळ्या माझ्याकडेच येत होत्या ना, आणि मला सगळं मैदान दिसत होतं. पळताना नाही दिसत तसं. गोलमध्ये उभं राहिलं की काय होणारे ते आधीच कळतं. मी एकही जाऊ दिला नाही." "हात तूच वर केला होतास." "हो. मी वाटच बघत होते कधी विचारतायत त्याची." मग ती जरा थांबली. "तू ये हं मॅचला. येऊ नको असं नाही म्हणत. फक्त मागे नको." आणि आणखी थोडं थांबून, "तुला वाईट वाटलं?" त्याला खोटं बोलता आलं असतं, तिला चेहरा दिसत नव्हता. "थोडं," तो म्हणाला. "थोडंच?" "बरंच." "मला वाटलंच," ती म्हणाली आणि चाचपडत त्याचा हात शोधून त्यावर आपला हात ठेवला, मोठ्या माणसासारखा. त्याने तिला रोजचा चष्मा लगेच दिला नाही. आधी काचा शर्टाच्या टोकाने पुसल्या, बराच वेळ पुसल्या, एरवी शर्टाने काच पुसणाऱ्या गिऱ्हाइकाला तो चार शब्द सुनावायचा. मग चेहरा जमेल तेवढा ठीकठाक केला आणि चष्मा तिच्या नाकावर ठेवला. तिने एक भुवई वर करून त्याला निरखलं, जेमतेम पास केलं, आणि पुन्हा एका पायावर उभी राहून गणिताला लागली.

सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याने फोन केला. "पहिली टीम," तो म्हणाला. "गोलमध्ये. तिला हवंय." शेवटचे दोन शब्द म्हणताना त्याला उगाचच अभिमान वाटला, आणि तो अभिमान आधीच्यापेक्षा वेगळा होता, यात त्याचा स्वतःचा वाटा फारसा नव्हता. "बरं झालं," कोचबाई म्हणाल्या. "आता बेकरीवाल्यांना फोन लावते. मधल्या फळीत जागा मोकळी झाली." बेकरीवाल्याच्या घरी वाजणाऱ्या त्या फोनची आपण एक रात्र अडवणूक करून बसलो होतो, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं आणि अतिशय बरं वाटलं की ती सुटली. दुपारी बेकरीवाला स्वतः रस्ता ओलांडून आला, हातातले गरम पाव काउंटरवर ठेवून गेला.

पहिला सामना दुसऱ्या एका क्लबच्या मैदानावर होता. तिथे कुंपण नव्हतं, चुन्याची रेघ आणि त्याबाहेर एक दोर. भिंगरी ज्या टोकाला गेली त्याच्या अगदी विरुद्ध टोकाला चष्मेवाला जाऊन उभा राहिला, तिकडच्या क्लबच्या आईबापांत. त्याची बायको आपल्या लोकांत बसून त्याच्याकडे बघत हसत होती. शेजारच्या एका बाईंनी विचारलं, "तुमची कुठली हो?" "ती," तो म्हणाला, आणि बोट इतकं लांब दाखवावं लागलं की त्या बाईंना वाटलं हा माणूस चुकीच्या बाजूला आलाय. त्यांनी त्याला तसं प्रेमाने समजावूनही सांगितलं. त्याच्या तोंडून "जरा पुढे हो" निघत होतं, दर वेळी निघत होतं, पण ते समोर उभ्या असलेल्या परक्या क्लबच्या गोलकीपरच्या पाठीवर पडत होतं. तीही एकदा दचकून मागे बघायला लागली तेव्हा तो शरमून गप्प झाला. एक गोल भिंगरीवर झाला. लांबून त्याला एवढंच दिसलं की ती जाळ्यातून चेंडू काढतेय आणि तो मधे भिरकावून देतेय. ती रडतेय की हसतेय हे त्याला कळलं नाही, आणि ते न कळण्यात उभं राहणं फार अवघड होतं, त्याने आजवर केलेल्या कुठल्याही उभं राहण्यापेक्षा अवघड.

मध्यंतरात बाजू बदलल्या. म्हणजे आता भिंगरी इकडे येणार आणि तो पुन्हा तिच्या मागे. हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. तो घाईघाईने दोराच्या कडेने पलीकडच्या टोकाकडे निघाला. बायको ओरडली, "आता कुठे?" आणि तो नुसता हात हलवून चालत राहिला. मैदानाच्या मध्यावर दोघं एकमेकांसमोरून गेली, तो दोराच्या बाहेरून तिकडे, ती रेघेच्या आतून इकडे, हातमोजे सावरत. ती थांबली नाही. फक्त तिने चष्म्याचा पट्टा डोक्यामागे एकदा ओढला आणि त्याच्याकडे बघून मान तिरकी केली, निघ लवकर म्हणून. तो पोचला, श्वास घेत वळला, तोवर खेळ सुरूही झाला होता. त्याच्या लेकीच्या गोलसमोर मोठी गर्दी उसळली होती, चेंडू उंच उडाला होता, आणि खाली दोन्ही टीमच्या मुली तोंडं वर करून एकमेकींवर आदळत होत्या. आणि तेवढ्यात एक आवाज आला. मोठा, धारदार, सगळं मैदान कापत येणारा. "सोडा, बाजूला व्हा, मी घेते!" हा आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. घरात नाही, शाळेत नाही, नाटकात तर नाहीच. कुणाची मुलगी ही, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि मग त्याला कळलं. घोळक्यातल्या मुली झटक्यात दोन्हीकडे झाल्या. मधून ती उठली, हात वर करून. आणि एवढ्या लांब, मैदानाच्या या टोकाला, दोराच्या बाहेर, तोही एक पाऊल मागे सरला.